सतरा नंबरचा वास

तोंडावर आम्ही त्यांना ताई म्हणायचो आणि पाठ वळली की खुडूक. अंडी उबवायला बसलेली खुडूक कोंबडी जशी दाणे टाकले तरी उठत नाही आणि जवळ गेलं तर चोच मारते, तशा ताई आमच्या इन्क्युबेटरसमोर ठाण मांडून असायच्या. इन्क्युबेटर म्हणजे कपाटाएवढी पेटी. आत माणसाच्या अंगाइतकी ऊब असते आणि त्या उबेत चपट्या काचेच्या प्लेटांमध्ये जंतू वाढतात. सकाळी पेटीचं दार पहिल्यांदा ताईंनीच उघडायचं. दुसऱ्या कुणी उघडलं की दिवसभर त्यांचं तोंड फुगलेलं. हे नाव कुणी ठेवलं ते मला ठाऊक नाही, मी नोकरीला लागले तेव्हा ते आधीच चिकटलेलं होतं. मला मात्र ते फार आवडलं. मी मूळचीच तिखट जिभेची, लोकांना नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, आणि इथे तर नाव आयतं मिळालं होतं.

आमची प्रयोगशाळा एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, अर्धी जमिनीखाली. खिडक्या छताला लागून, त्यामुळे बाहेरचं जग आम्हाला घोट्यापर्यंतच दिसायचं. बूट, चपला, चाकाच्या खुर्च्यांची चाकं. माझं टेबल एका भिंतीला, त्यावर खलबत्ता, चाळण्या, मद्यार्काचे कॅन आणि वाळलेल्या पाल्याच्या पिशव्या. समोरच्या भिंतीला ताईंचं टेबल. त्यावर बर्नर, जंतू उचलायचा तारेचा लूप, चिमटा आणि प्लेटांच्या उतरंडी, सगळं कसं जागच्या जागी. माझ्या टेबलाकडे बघून त्या नुसता उसासा टाकायच्या आणि मला ‘पालेवाली’ म्हणायच्या. म्हणजे नावं ठेवण्यात त्याही काही मागे नव्हत्या.

काम आमचं असं. औषधी म्हणून जो जो झाडपाला लोक सांगतात तो मी आणायचा, सावलीत वाळवायचा, कुटायचा, मद्यार्कात भिजत घालायचा, गाळायचा आणि आटवून चिकट अर्क काढायचा. तो अर्क ताई जंतूंवर लावून बघायच्या. प्लेटमध्ये जेलीसारखं आगर ओतलेलं असतं, तेच जंतूंचं अन्न. त्यावर कापसाच्या बोळ्याने जंतू सगळीकडे सारखे पसरायचे, अर्कात भिजवून वाळवलेली कागदाची टिकली मधोमध ठेवायची आणि प्लेट उबेत सरकवायची. अर्कात दम असला तर सकाळी टिकलीभोवती स्वच्छ कडं दिसतं, तेवढ्या जागेत जंतू उगवलेले नसतात. दम नसला तर जंतू टिकलीला खेटून उगवतात. बाहेर लोक एकमेकांना ‘जेवलात का’ विचारतात, आमच्याकडे ‘कडं पडलं का’ विचारायचे.

जंतू आमच्याकडे पुष्कळ होते, सगळे नंबराने ओळखले जाणारे. त्यातला सतरा नंबर सगळ्यांत नाठाळ. इस्पितळातल्याच कुणाच्या तरी जखमेतून तो आलेला. त्याला एकही औषध लागू पडत नव्हतं, म्हणून आमच्या संशोधनाच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी तो मुद्दाम जपून ठेवला होता. सतरा ज्याने मरेल तोच अर्क खरा, असं त्यांचं म्हणणं. मी लसूण आणला, निलगिरी आणली, हळद, दालचिनी, लवंग, काय वाट्टेल ते आणलं. साध्यासुध्या जंतूंभोवती सुरेख कडी पडायची. सतरा मात्र टिकलीच्या अगदी काठापर्यंत माजायचा. खरं म्हणजे प्रत्येक प्लेटवर अर्काशेजारी एखाद्या ठरावीक औषधाची टिकलीही ठेवायची असते, ताळा म्हणून. पण त्या टिकल्या महागाच्या, आणि सतराला औषध लागत नाही हे तर जगजाहीर. तेव्हा उगाच कशाला वाया घालवायच्या, म्हणून ती पद्धत मॅडमनीच केव्हाच बंद करून टाकली होती.

सतरा दिसायला देखणा होता, हे कबूल केलं पाहिजे. प्लेटभर निळसर हिरवा रंग सोडायचा. आणि त्याला वास होता, गोड, फार पिकलेल्या द्राक्षांसारखा. मी नवी होते तेव्हा पेटीचं दार उघडलं की खोलीभर पसरायचा.

जंतू जिवंत ठेवायचे तर त्यांना अधूनमधून ताज्या आगरावर हलवावं लागतं. जुन्यावरचं खाणं संपतं आणि ते मरतात. बाकीच्या नंबरांचं हे काम ज्याला वेळ असेल तो करायचा. सतराचं काम ताई कुणाला करू द्यायच्या नाहीत. दर महिन्याला त्या स्वतः त्याचं आगर शिजवायच्या, स्वतः ओतायच्या, स्वतः लूप लाल करून घ्यायच्या. कुणी जवळ गेलं की म्हणायच्या, “तुझं काम नाही का तुला?” आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो. खुडूक ती खुडूकच.

एकदा सकाळी मी लवकर आले तर ताई खिडकीखाली उभ्या होत्या. सतराची प्लेट हातात, झाकण उघडं, आणि नाक अगदी आगरापाशी. डोळे मिटलेले. प्लेट हुंगायची नाही हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे, तो मला ताईंनीच दिला होता.

“ताई! मरायचंय का तुम्हाला?”

त्यांनी दचकून झाकण लावलं. रागावतील असं वाटलं, पण म्हणाल्या, “हल्ली वास कमी येतो गं याचा.”

“तुमचं नाक म्हातारं झालं,” मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. थोड्या वेळाने, हात धुताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, “निवृत्तीच्या आधी मला याच्याभोवती कडं बघायचंय. एकदाच. मग मी निघाले.” त्या इतक्या सरळ बोलल्या की मला चेष्टा सुचली नाही. आणि मला चेष्टा सुचत नाही असं क्वचितच होतं.

पुढे कधीतरी ताई तापाने पडल्या आणि पेटीची किल्ली त्यांच्याकडेच राहिली. मॅडमनी मला घरी पिटाळलं. ताईंचं घर मी पहिल्यांदाच बघत होते. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. भाऊजी आधी बस चालवायचे, आता घरीच असतात, बोलायला माणूस मिळाला की सोडत नाहीत असे. घरात शिरले तो फिनेलचा भपकारा आला. फरशी इतकी लख्ख की पाऊल कुठे टाकावं कळेना. भाऊजी चहा टाकायला गेले आणि मी आपली इकडेतिकडे बघत बसले. शेजारची खोली उघडी होती. आत पलंग नाही, खुर्ची नाही, भिंतीवर खिळासुद्धा नाही. नुसती धुतलेली फरशी आणि खिडकी.

मला गप्प बसवत नाही. मी विचारलं, “रंग द्यायला काढलीय का खोली?”

“नाही,” भाऊजी म्हणाले. “पोरीची खोली आहे ती.”

मुलगी होती हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि समोर बसले. “सायकलवरून पडली. पाय मोडला. साधा पाय हो, लोकांचे किती मोडतात. आत सळई घातली आणि जखम चिघळली. तुमच्याच इस्पितळात होती. एक औषध झालं, दुसरं झालं, काहीच लागू पडेना. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती.”

मी कप खाली ठेवला.

“ती गेली आणि हिने सगळं जाळलं,” ते म्हणाले. “कपडे, गादी, पुस्तकं, कंगवा. फोटोंचा अल्बम ती उशाशी घेऊन झोपायची, तोसुद्धा. म्हणाली, जंतू वस्तूंवर राहतात, तुम्हाला कळत नाही, मला कळतं. मी कामावरून आलो तर खोली अशी. भिंती ओल्या होत्या, धुतलेल्या. मी एक अक्षर बोललो नाही तिला. पण माणसाला हातात धरायला काहीतरी लागतं ना हो?”

किल्ली घ्यायला मी आतल्या खोलीत गेले. ताई पांघरुणात बसल्या होत्या. भिंती काही जाड नव्हत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“सांगितलं वाटतं त्यांनी.”

मी मान हलवली. त्यांनी उशीखालून किल्ली काढली, पण लगेच दिली नाही.

“सतरा तिचाच आहे,” त्या म्हणाल्या. “यांना माहीत नाही. सांगू नकोस.”

मग त्यांनी मला ती सकाळ सांगितली. मुलीच्या जखमेचा पू प्रयोगशाळेत तपासायला आला होता आणि प्लेट ताईंनीच लावली होती. दुसऱ्या कुणाला लावू दिली नाही. सगळ्या औषधांच्या टिकल्या गोल मांडून ठेवल्या. सकाळी दार उघडलं तर प्लेट हिरवीगार, आणि एकाही टिकलीभोवती कडं नाही. “डॉक्टरांच्या आधी मला कळलं,” ताई म्हणाल्या. “त्यांना दुपारी कळलं. तिला तर शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. सकाळी मीच एकटी होते, ती प्लेट हातात घेऊन. वर वॉर्डात गेले तर ती मला म्हणाली, आई, आज तू हसत का नाहीस?”

किल्ली घेऊन मी बाहेर पडले आणि जिन्यात बसून रडले. मला रडणाऱ्या माणसांचा राग येतो, माझा स्वतःचाही आला. खुडूक हा शब्द त्यानंतर माझ्या तोंडून गेला नाही. दुसऱ्या कुणी काढला तर मी असं काही बोलायचे की त्यांना पळता भुई थोडी व्हायची.

पण त्या दिवसापासून मला पेटीची भीती वाटायला लागली. दार उघडलं की अंगावर ऊब यायची. आधीही यायचीच, पण आता ती कुणाच्या तरी अंगाची वाटायची. तापाने फणफणलेल्या माणसाचं पांघरूण बाजूला केलं की येते तशी. मागोमाग तो गोड वास, पुसटसा. मी दारावर टकटक करून मगच ते उघडायला लागले. हसायचं तर हसा. ताईंनी ते पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत, त्यामुळे तर मी जास्तच घाबरले.

सतरावर पहिलं कडं पडलं ते डाळिंबाच्या सालीने. फाटकाजवळचा रसवाला रोज ढीगभर साली फेकायचा, त्या मी उचलून आणायचे. तो म्हणायचा, “रस लोक पितात आणि साल तुम्ही नेता. शहाणं कोण, ते देवाला ठाऊक.” साली वाळवून मी अर्क काढला. रंगाला तपकिरी, चवीला तुरट. हो, मी चाखून बघते, ताईंनी कितीही डोळे वटारले तरी. ताईंनी तो नेहमीसारखा लावला. सकाळी मी खलात काहीतरी कुटत होते तेव्हा पेटीचं दार उघडल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. मी वळून बघितलं. ताई प्लेट उजेडात धरून उभ्या होत्या. टिकलीभोवती मोकळं, स्वच्छ कडं. बाळाच्या मनगटात घालावं एवढं.

मी ओरडले. मॅडम पळत आल्या, पाठोपाठ सगळं खातं गोळा झालं. कुणीतरी चहा मागवला. मॅडमनी मला चक्क मिठी मारली, ज्या मॅडम एरवी माझ्या टेबलाजवळून नाक मुरडून जायच्या. पुढे काय काय करायचं ते त्या भराभर सांगत होत्या. अर्कातलं नेमकं काय काम करतंय ते शोधायचं, इतर जंतूंवर बघायचं, जगाला दाखवायचं.

ताई एकट्या पेटीपाशीच राहिल्या. गर्दी पांगल्यावर मी म्हटलं, “ताई, बघितलंत ना कडं? आता तरी हसा.”

“मेला का गं तो खरंच?” त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता, पेटीकडे बघत. आनंदाचा तो आवाज नव्हता. इतकी वर्षं ज्याला मारायचं म्हणून झुरल्या, तोच तेवढा मुलीचा म्हणून उरलेला होता, हे माझ्या तेव्हा डोक्यात शिरलं.

त्या संध्याकाळी त्यांनी कुणाला न विचारता आणखी एक प्लेट लावली. एका बाजूला डाळिंबाची टिकली आणि दुसऱ्या बाजूला त्या औषधाची, जे शेवटी शेवटी मुलीला देत होते. मला त्यांनी नंतर सांगितलं, त्यांना कसलाही ताळा बघायचा नव्हता. त्यांना त्या औषधाला खिजवायचं होतं. बघ, तुला जमलं नाही ते रसवाल्याच्या उकिरड्यातल्या सालीने केलं.

सकाळी प्लेटवर दोन कडी होती. औषधाचं कडं डाळिंबापेक्षा मोठं होतं.

ताईंनी मला हाक मारली. आधी त्यांना वाटलं, प्लेटांची अदलाबदल झाली. मग वाटलं, टिकली चुकली. आम्ही सगळं पुन्हा केलं, मी शेजारी उभी राहून. दुसऱ्या दिवशी तेच. ज्या औषधाला त्या सकाळी सतराने हिंग लावून विचारलं नव्हतं, त्याच औषधाने तो आता एखाद्या गरीब जंतूसारखा मुकाट मरत होता. इतर औषधांनीही मरत होता. म्हणजे डाळिंबाने काही पराक्रम केलाच नव्हता. सतरालाच काहीतरी झालं होतं.

ताईंनी ती प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ. बाहेरून कुणाचे तरी पाय गेले, एक कुबडी गेली.

“हीच प्लेट,” त्या म्हणाल्या. “मला त्या सकाळी हीच प्लेट दिसायला हवी होती.”

मला त्यांच्या हातातून ती काढून घ्यावीशी वाटली, पण माझा हात पुढे झाला नाही.

मॅडमना सांगावंच लागलं. त्यांनी प्लेट बघितली, खुर्चीत बसल्या आणि एकच प्रश्न विचारला. “दर महिन्याला हलवताना सतराच्या आगरात औषध घालत होता ना?”

तसा नियम होता. सतराच्या आगरात थोडं औषध घालायचं, म्हणजे तो औषधाला विसरत नाही. समोर शत्रू असला तरच जंतू हत्यार बाळगतो. शत्रूच नसेल तर ते ओझं पिढ्यानपिढ्या वागवायचं कशाला? टाकून देतो. आणि जंतूंच्या पिढ्या आपल्यासारख्या लांब नसतात, सकाळची पिढी संध्याकाळपर्यंत म्हातारी होते.

“नाही,” ताई म्हणाल्या.

“कधीपासून नाही?”

“पहिल्यापासून नाही.”

मॅडमचा आवाज चढला. इतक्या वर्षांचं काम, इतके अर्क, सगळं पाण्यात गेलं असं म्हणाल्या, आणि ते काही खोटं नव्हतं. लसूण, निलगिरी, हळद, आधीचं आम्ही जे जे सतरावर लावलं ते नक्की कुठल्या सतरावर लावलं, अर्ध्या बिघडलेल्या की पुऱ्या, आता कोण सांगणार? “का? का नाही घातलंत? तुमच्यासारख्या बाईने?”

ताई उभ्याच होत्या. “पहिल्यांदा घालायला घेतलं होतं,” त्या म्हणाल्या. “कुपी हातात घेतली. तीच कुपी, तेच नाव. सलाईनमधून ते चालू केलं की ती म्हणायची, आई, बंद कर ना, आतून जळतंय. मी म्हणायचे, थोडं सहन कर, बरी होशील. रोज म्हणायचे. ती सहन करायची. ते परत नाही घालवलं मला. म्हटलं, आता तरी नको त्रास.”

“कुणाला त्रास?” मॅडमनी विचारलं.

मी मॅडमच्या कानाशी वाकून दोन वाक्यांत सांगितलं सतरा कुणाचा ते. मॅडमनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “बसा ना ताई. उभ्या का?” पण ताई बसल्या नाहीत.

एक वाट उरली होती. सतरा पहिल्यांदा सापडला तेव्हाच मॅडमनी त्यातला थोडा एका छोट्या नळीत भरून खोल फ्रीजरमध्ये ठेवला होता. त्या थंडीत जंतू मरत नाहीत, वाढतही नाहीत, जसेच्या तसे थांबतात. ती नळी कुणी उघडली नव्हती. म्हणजे मुलीच्या अंगातून आला तो खरा सतरा अजून तिथे होता, त्याच दिवसात थांबलेला. डाळिंबात काही दम आहे की नाही ते तोच सांगणार होता.

“मी काढते नळी,” मी म्हटलं. “तुम्ही घरी जा ताई.”

“नको. मीच काढीन.” मग जरा वेळाने, माझा दंड धरून, “अगं, इतकी वर्षं मी ज्याला तिचं म्हणून सांभाळलं, ते तिचं नव्हतंच. केव्हाच नव्हतं.”

फ्रीजर उघडला तशी पांढरी वाफ त्यांच्या हातांवरून जमिनीवर उतरली. नळी करंगळीएवढी. ताईंनी ती मुठीत धरली, ऊब यावी म्हणून, आणि आतला बर्फ विरघळेपर्यंत मूठ उघडली नाही. या वेळी आगरात औषध घातलं. कुपी मीच उघडून दिली, माप त्यांनी घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि ताई दोघी बरोबरच आलो. पेटी उघडण्याआधी मी नेहमीसारखी टकटक केली. ताईंनी दार उघडलं आणि वास आला. पुसटसा नाही. गोड, दाट, सगळी खोली भरून टाकणारा, मी नवी असताना यायचा त्याच्याहूनही जास्त. ताईंचं नाक म्हातारं झालं नव्हतं. इतकी वर्षं वासच हळूहळू निघून जात होता.

“आली,” ताई म्हणाल्या आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

मी त्यांना उठवलं नाही. मीही बाजूला बसले. शेवटच्या दिवसांत मुलीची पट्टी सोडली की वॉर्डात हाच वास यायचा, इतर बायका नाकाला पदर लावायच्या आणि ही मुलगी त्यांची माफी मागायची, असं ताई सांगत होत्या. माझ्या अंगावर काटा आला होता आणि तरीही मी तो वास घेत होते. घेतल्याशिवाय राहवत नव्हतं.

त्या खऱ्या सतरावर आम्ही डाळिंब लावलं. शेजारी ते औषध लावलं. कशाभोवतीही कडं पडलं नाही. तो दोन्ही टिकल्यांच्या काठापर्यंत हिरवागार उगवला होता. मी प्लेट आपटणार होते, मॅडमनी हात धरला. ताई शांतपणे बघत होत्या. “हा आपला,” एवढंच म्हणाल्या. रागाने म्हणाल्या की मायेने, ते मला आजही सांगता येणार नाही.

पाळलेला सतरा आता कुणाच्या कामाचा नव्हता. असले जंतू ऑटोक्लेव्हमध्ये घालून वाफेच्या दाबाखाली मारून टाकतात. ताईंनी सगळ्या प्लेटा स्वतः उतरवल्या. दोन कड्यांची ती प्लेट सगळ्यांत वर ठेवली, मग काढून घेतली, मग परत ठेवली. “यात तिचं काही नाही,” त्या मला म्हणाल्या, मीच काही विचारलं असावं तशा. “पण हा असता तर वाचली असती गं ती.” झाकण आवळलं. वाफ सुटेपर्यंत ताई त्या भांड्यासमोर स्टूल घेऊन बसल्या, पेटीसमोर बसायच्या तशाच.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी भाषण करू दिलं नाही. पेटीची किल्ली माझ्या हातात ठेवली. “सतरा तुझ्याकडे. दर महिन्याला हलवायचा. औषध घालून. त्याची कीव करायची नाही.”

“नाही करणार.”

“मीही असंच म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या आणि गेल्या. खिडकीतून मला त्यांच्या चपला फाटकाकडे जाताना दिसल्या.

आता दर महिन्याला मी सतराचं आगर शिजवते. कुपी उघडली की एक मुलगी, जिला मी कधी बघितलं नाही, म्हणते, बंद कर ना, आतून जळतंय. मी माप घेते आणि घालते. सकाळी पेटीवर टकटक करते. तो औषधातही उगवलेला असतो. डाळिंब झालं, आता मी दुसऱ्या साली आणते, दुसरा पाला आणते. रसवाला अजून हसतो.

ताईंचा फोन त्या दिवशी बरोबर येतो. मागे भाऊजींच्या रेडिओचा आवाज असतो, त्यांना अजूनही काही माहीत नाही, म्हणून ताई हळू बोलतात.

“उगवला?”

“उगवला, ताई.”

“कडं?”

“नाही पडलं अजून.”

“वास येतो का गं?”

“येतो.”

“चांगला येतो?”

“हो. चांगला येतो.”

मग त्या फोन ठेवत नाहीत. मी पेटीचं दार उघडं ठेवते आणि फोन आत, उबेत धरते. वास फोनमधून जात नाही, हे मलाही कळतं.